पुढचा एक दात, मागचे तीन

सहा गिअरची गाडी पाच गिअरवाल्या गाडीपेक्षा पुढेच जाणार, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेत माझदा मियाटा घेऊन ऑटोक्रॉसला उतरणाऱ्या हौशी मंडळींपुढे हे बोलून पाहा. निम्मे हसतील आणि उरलेले खिशातून कॅलक्युलेटर काढतील.

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की माती आणि धुरळा. तिकडे मात्र रविवारी रिकामा पडलेला मोठा पार्किंग लॉट किंवा जुनी धावपट्टी गाठायची, प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची, एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. सगळा खेळ साधारण मिनिटभराचा. पहिला गिअर सुटताना लागतो, बाकी जवळजवळ सगळी फेरी दुसऱ्यात. त्यामुळे या खेळात गाडीची टॉप स्पीड कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: तुझा दुसरा कुठे संपतो?

मियाटाचं उत्तर मजेशीर आहे. १.६ लिटरच्या पहिल्या पिढीला मागे ४.३ चं क्राउन-पिनियन (चाकांआधीची शेवटची दातेरी जोडी) होतं. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत ताणलं की दुसरा गिअर ताशी ९४ किलोमीटरला दम सोडतो. पुढे १.८ लिटरचं इंजिन आलं, मागे ४.१ बसलं आणि तोच दुसरा गिअर ९८ पर्यंत जाऊ लागला. मग १९९९ मध्ये दहाव्या वाढदिवसाच्या खास आवृत्तीत कौतुकाने सहा गिअरचा बॉक्स आला. त्यात दुसरा संपतो ८६ ला!

शंकूंच्या वाटेवर जिथे गाडी ९० ला पोचते, तिथे पाचवाला निवांत दुसऱ्यात असतो. सहावाला लिमिटरवर ठेचा खात तडफडतो, नाहीतर दोन सेकंदांसाठी तिसरा टाकून पुन्हा दुसऱ्यावर येतो. गंमत पुढेच आहे. ४.१ क्राउनच्या पाचवालीचा पाचवा आणि सहावालीचा सहावा मागच्या क्राउनसकट मोजला तर ३.३४ आणि ३.३०. म्हणजे वरचं टोक जवळपास तेच. सहावा गिअर आला म्हणून गाडीची धाव काही वाढली नाही. त्याच धावेचे पाचाऐवजी सहा तुकडे झाले, आणि ऑटोक्रॉसवाल्याच्या वाट्याला नेमका छोटा तुकडा आला. तीच गाडी लांब ट्रॅकवर नेली तर त्याच सहा तुकड्यांचा फायदा होतो, हेही खरं.

हिशेब एका ओळीचा

वर दिलेले आकडे कुणा गुरूने कानात सांगितलेले नाहीत. इंजिनच्या फेऱ्या गुणिले टायरचा घेर (मीटरमध्ये) गुणिले ०.०६, भागिले (गिअरचा रेशो गुणिले क्राउनचा रेशो). उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. मियाटाच्या १८५/६०-१४ टायरचा घेर सुमारे १.८१५ मीटर, दुसरा गिअर १.८८८, क्राउन ४.३. करा आकडेमोड. हौशी रेसिंगमधलं सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे ही एक ओळ. आणि तरीही हजारो रुपयांचा एक्झॉस्ट बसवणाऱ्यांपैकी फार थोडे ती कधी मांडून पाहतात.

साठ मैलांचं गौडबंगाल

पाश्चात्त्य मासिकांना शून्य ते साठ मैलांचा (म्हणजे ९६-९७ किलोमीटरचा) आकडा छापायचं वेड. गिअर बदलताना अर्धा सेकंद जातो, त्यामुळे दुसराच गिअर साठच्या किंचित पलीकडे पोचवायचा, म्हणजे एका बदलात काम भागतं, ही गाडी बनवणाऱ्यांची जुनी युक्ती. अमेरिकन ऑटोक्रॉसचे मार्गही साधारण तेवढ्याच वेगाच्या आत आखले जातात. जाहिरातीच्या आकड्यासाठी केलेली तडजोड शंकूवाल्यांच्या पथ्यावर पडली ती अशी. ४.३ ची मियाटा मात्र साठ मैलांच्या अगदी दोन पावलं अलीकडे, ५८ ला, धापा टाकते.

दशांशात लपलेले दाते

४.३, ४.१, ३.९०९, ३.७२७. हे असे वेडेवाकडे आकडे कुठून येतात? सरळ ४ का नाही?

४.३ म्हणजे क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला १०. ४.१ म्हणजे ४१ आणि १०. ३.९०९ म्हणजे ४३ भागिले ११, आणि ३.७२७ म्हणजे ४१ भागिले ११. ४.१११ दिसलं की ३७ आणि ९. एकदा हा नाद लागला की गाड्यांची माहितीपत्रकं कोडी सोडवल्यासारखी वाचली जातात.

४० आणि १० ची जोडी टाळतात त्याला कारण आहे. तिथे पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राउनच्या त्याच चार दातांशी भिडत राहील. एखाद्या दाताला खरवड पडली की तेच चार दात बिघडणार. ४३ आणि १० मध्ये दोन्ही आकड्यांना भाग जाणारा सामाईक आकडाच नाही, म्हणून पिनियनच्या प्रत्येक दाताला क्राउनच्या त्रेचाळीसही दातांची भेट घ्यावी लागते. झीज सगळ्यांत वाटली जाते. शाळेत मसावि-लसावि शिकताना "हे पुढे कुठे उपयोगी पडणार?" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर देऊन ठेवा.

एक गाडी, दोन डबे

ऐंशीच्या दशकातली बीएमडब्ल्यू एम-थ्री, म्हणजे ई-३०. युरोपात हिच्या मागे ३.२५ चं क्राउन. अमेरिकेत त्याच गाडीला ४.१०. कुणीही म्हणेल, अमेरिकन गाडी बुंगाट सुटत असणार आणि वर लवकर संपत असणार.

पण गिअरबॉक्सही वेगळा आहे. युरोपी डब्यात पाचवा गिअर सरळ १.०० चा. अमेरिकन डब्यात तो ०.८१ चा. गुणाकार केला तर शेवटच्या गिअरला युरोपी गाडी ३.२५ आणि अमेरिकन ३.३२. पुन्हा तीच गोष्ट, टोक तेच! फरक पडतो मधल्या अंतरात. युरोपी डब्यात दुसऱ्यावरून (२.४०) तिसऱ्यावर (१.७७) ७,००० फेऱ्यांना उडी मारली तर सुई ५,१६० च्या आसपास थांबते. अमेरिकन डब्यात दुसरा २.२० आणि तिसरा १.४०, सुई थेट ४,४५० ला येते. हे म्हणजे जुन्या वाड्याचा जिना आणि सरकारी कचेरीचा जिना. माडी तेवढीच उंच, पण एकात पायरी गुडघ्याएवढी.

युरोपी डब्याची आणखी एक खोड म्हणजे पहिला गिअर डावीकडे खाली, आपल्या सवयीच्या दुसऱ्याच्या जागी. तिकडे याला 'डॉगलेग' म्हणतात. शर्यतीत पहिला लागतो एकदाच, सुटताना. मग दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा सरळ रेषेत यावेत, हात तिरका न्यावा लागू नये, म्हणून पहिल्याला कोपऱ्यात ढकललं. शर्यतीसाठी छान. सिग्नलवर मात्र नव्या माणसाची फजिती ठरलेली.

क्राउनचा एकटा आकडा ऐकून "फोर-पॉइंट-वन टाकलंय भाऊ" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

गिअर कधी बदलायचा? वाटतं त्याच्या बराच नंतर

"टॉर्क संपला की बदल" हा गॅरेजमधला लाडका सल्ला. आकडे काय म्हणतात ते बघू. १.६ च्या अमेरिकन मियाटाचा सर्वाधिक टॉर्क १३६ न्यूटन-मीटर, ५,५०० फेऱ्यांना. ताकद सर्वाधिक ११६ हॉर्सपॉवर, ६,५०० ला. ६,५०० ला टॉर्क थोडा उतरून साधारण १२७ होतो. म्हणजे इंजिन थकायला लागलंय, बदला गिअर?

थांबा. दुसऱ्या गिअरमध्ये ते १२७ गुणिले १.८८८ होऊन बाहेर पडतं २४०. तिसऱ्यात टाकलं आणि समजा तिथे इंजिनने आपला अगदी सर्वोत्तम १३६ दिला (देत नाही, पण समजा), तरी १३६ गुणिले १.३३० म्हणजे १८१. थकलेला दुसरा ताज्यातवान्या तिसऱ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त जोर लावतो. म्हणून शर्यतीत लाल रेघेजवळ जाईपर्यंत हात गिअरवर नेत नाहीत. इंजिन ओरडतं, शेजारी बसलेल्याचा जीव वरखाली होतो, पण गणित इंजिनच्या ओरडण्याच्या बाजूने आहे. डिझेलवाल्यांनी हे मनावर घेऊ नये. तिथे वर गेलं की टॉर्क असा काही कोसळतो की हिशेब पार बदलतो.

त्याच मियाटात ७,००० ला पहिल्यावरून दुसरा टाकला की सुई ४,२१० ला पडते. दुसऱ्यावरून तिसरा, ४,९३० ला. तिसऱ्यावरून चौथा, ५,२६०. चौथ्यावरून पाचवा, ५,७००. पायऱ्या वर जाताना लहान लहान होत जातात, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. वरच्या गिअरमध्ये सुई फार खाली पडली तर गाडी तिथून उठतच नाही. चौथ्यात जात होती तेवढीही पाचव्यात जात नाही, असा अनुभव मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या चढावर छोट्या गाडीवाल्यांनी घेतलेला असेल. यात गाडीचा दोष नाही. शेवटचा गिअर पेट्रोल वाचवायला असतो. सात गिअरची ९९१ पिढीची पोर्शे ९११ सुद्धा आपला सर्वाधिक वेग सहाव्यातच गाठते.

पुढचा एक दात, मागचे तीन

मोटरसायकलवाल्यांचं बरं असतं. डबा उघडायला नको, चेनसेट बदलला की झालं. समजा पुढे १५ दाते, मागे ४५. रेशो ३. पुढची चक्री १४ ची केली तर ३.२१. तेवढाच बदल मागून करायचा तर ४८ दातांची चक्री लागते. म्हणून मातीत गाडी उडवणाऱ्या पोरांचं तोंडपाठ सूत्र: पुढचा एक म्हणजे मागचे तीन. पुण्याच्या नाना पेठेसारख्या स्पेअरच्या बाजारात पुढची चक्री मागची घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते, त्यामुळे पहिला प्रयोग पुढूनच होतो. एक मेख आहे. चक्री जितकी लहान, तितकी चेन घट्ट वळते आणि लवकर झिजते.

गो-कार्टमध्ये हाच खेळ आणखी बारीक होतो. कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशा स्पर्धांत धावणाऱ्या रोटॅक्स मॅक्स कार्टचं १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन १४,००० फेऱ्यांच्या घरात किंचाळतं आणि त्याला गिअरबॉक्सच नसतो. एकच रेशो, पूर्ण ट्रॅकला तोच. पुढे १२ दाते असतील तर मागे ७६, पुढे १३ असतील तर मागे ८२. भागाकार दोन्हीचा जवळजवळ सारखाच, ६.३.

सराव संपवून कार्ट आत येतं. मेकॅनिक ड्रायव्हरला काही विचारत नाही, आधी स्टीअरिंगवरच्या डिस्प्लेवरचे दोन आकडे वाचतो: सगळ्यात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी फेऱ्या किती झाल्या, आणि सगळ्यात मंद वळणात किती खाली आल्या. वरचा आकडा लिमिटरला आधीच टेकत असेल तर मागचा एखादा दात कमी. टेकायला बरंच बाकी असेल तर एखादा जास्त. मग इंजिनचे क्लॅम्प सैल करायचे, अख्खं इंजिनच फ्रेमवर पुढे-मागे सरकवायचं, अंगठ्याने चेन दाबून ढील बघायची, पुन्हा आवळायचं. मागच्या ८० दातांतला एक म्हणजे सव्वा टक्का. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप करतात, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागांनी हरणाऱ्यांना तो खटाटोप मुळीच वेडगळ वाटत नाही.

गिअर बदलणारे टायर

टायर हाही एक गिअरच. १८५/६०-१४ चा नवा टायर ८ मिलिमीटर नक्षीसह घेतला आणि २ मिलिमीटरपर्यंत झिजवला, तर व्यास १२ मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे दोन टक्के. न सांगता, न उघडता गाडीचे सगळे गिअर दोन टक्क्यांनी आखूड झाले. क्राउन-पिनियन उघडण्याआधी एक माप कमी उंचीचे टायर लावून पाहणं म्हणूनच शहाणपणाचं. पटलं नाही तर काढता येतात, आणि गाडी थोडी खालीही बसते.

याचं टोकाचं रूप पाहायचं तर अमेरिकेतली टॉप फ्युएल ड्रॅगस्टर. ताकद दहा हजार हॉर्सपॉवरच्या पुढची आणि गिअरबॉक्स? नाहीच. मागे नियमाने ठरवून दिलेलं ३.२० चं क्राउन आणि मधे थरांवर थर असलेला क्लच, जो घसरत घसरत पकड घेतो. पण गाडी सुटताना मागच्या टायरचा रबरी अंगरखा चुण्या पडून खाली बसतो, म्हणजे टायर बुटका आणि गिअर आखूड. वेग वाढला की तोच टायर गरगरून फुगतो, उंच होतो आणि गिअर लांब. गिअरबॉक्स नसलेल्या गाडीत गिअर बदलण्याचं काम टायर करतो!

फॉर्म्युला वनला नाही ती चैन

२०१४ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना आठ गिअर असतात आणि त्यांचे रेशो अख्ख्या हंगामासाठी आधीच ठरवून द्यावे लागतात. मोनाकोच्या बोळांत तेच आठ, माँझाच्या लांबलचक सरळ रस्त्यांवरही तेच आठ. कोट्यवधी खर्च करणाऱ्या संघांची ही अवस्था, आणि फॉर्म्युला फोर्ड चालवणारा हौशी पोरगा मात्र शनिवारी संध्याकाळी उद्यासाठी तिसरा गिअर बदलतोय.

ही चैन आली इंग्लंडच्या माईक ह्यूलँड यांच्याकडून. त्यांनी १९५७ मध्ये कंपनी काढली आणि पुढे फोक्सवॅगन बीटलचा गिअरबॉक्स उचलून त्यावरून रेसिंगचे डबे बनवले. १९६७ मध्ये फॉर्म्युला फोर्ड सुरू झाली, तिच्यात चार गिअरचे ह्यूलँड डबे बसू लागले. मागचं झाकण उघडायचं, गाडीतून डबा न काढता हवी ती जोडी सरकवायची, झाकण लावायचं. गिअरची ओळखही दशांशात नाही, सरळ दातांच्या जोडीने. एकेका ड्रायव्हरच्या पेटीत अशा डझनावारी जोड्या तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या असतात.

बीटलवरूनच आणखी एक. फॉर्म्युला व्ही नावाच्या स्वस्त वर्गात बीटलचं इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स वापरतात. बीटलमध्ये इंजिन मागच्या चाकांच्या मागे. रेसिंग कारमध्ये ते चाकांच्या पुढे हवं, म्हणून सगळा संच फिरवून बसवायचा. पण तसाच फिरवला तर गाडीला चार गिअर मागे जायचे आणि एक पुढे जायचा! मग आत क्राउन एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला लावतात आणि जग पुन्हा सुलट होतं.

आठ पाहिजेत? एकात भागवलं

१९९१, इंटरलागोस. आयर्टन सेन्नाचे गिअर एकेक करून गेले आणि शेवटी फक्त सहावा उरला. मंद वळणांतही सहावाच. तरीही घरच्या प्रेक्षकांसमोर तो जिंकला. १९९४, बार्सिलोना. मायकेल शूमाकर पाचव्यात अडकला, पाचव्यातच पिटमध्ये आला, इंजिन बंद न पाडता पाचव्यातच बाहेर पडला आणि दुसरा आला. २०१८, मोनाको. डॅनियल रिकार्डोच्या गाडीची विजेवरची मदत गेली, आठातले सहाच गिअर वापरत त्याने शर्यत जिंकली.

आपण मात्र तिसऱ्याऐवजी चुकून पाचवा पडला तर दिवसभर हळहळतो.

रिव्हर्सचा तो आवाज

जुनी मारुती ८०० रिव्हर्स घेताना जो 'उंऽऽऽ' असा सूर काढते, तोच सूर रॅलीच्या गाडीत पुढे जाताना ऐकू येतो. दोन्हीकडे कारण एकच, सरळ कापलेले दाते. रस्त्यावरच्या गाड्यांत पुढचे गिअर तिरप्या दातांचे असतात. तिरपा दात हळूहळू भिडतो म्हणून शांत, पण तो शाफ्टला बाजूलाही ढकलतो आणि तो रेटा बेअरिंगांना सोसावा लागतो. सरळ दात बाजूला ढकलत नाही, खणखणीत असतो, फक्त रडतो. रिव्हर्स आपण दिवसातून चार वेळा घेणार, मग तिथे कशाला तिरपे दाते, असा बनवणाऱ्यांचा व्यवहारी विचार.

हवा पातळ, गिअर आखूड

अमेरिकेतल्या पाइक्स पीकची चढण १९.९९ किलोमीटरची, वळणं १५६, आणि शेवट ४,३०२ मीटर उंचीवर. तिथे हवाच इतकी विरळ की टर्बो नसलेलं इंजिन सुमारे एक तृतीयांश ताकद गमावून बसतं. समुद्रसपाटीला नेमका बसणारा गिअर तिथे लांब पडतो. आपल्याकडे रेड द हिमालय या रॅलीला उतरणाऱ्यांची तीच कथा. तिथे गाजलेल्या मारुती जिप्सीला ट्रान्सफर केसचं वरदान होतं. तिच्या 'हाय' रेंजमध्येही १.४०९ ची घट होते, म्हणजे प्रत्येक गिअर आधीच आखूड, आणि 'लो' तर त्याहून. महामार्गावर जिप्सी का बोंबलते आणि चढावर का हसते, ते यावरून कळेल.

२०१८ मध्ये पाइक्स पीकचा विक्रम मोडला तो फोक्सवॅगनच्या विजेवरच्या आयडी-आर गाडीने, ७ मिनिटं ५७.१४८ सेकंद. गिअर बदलण्याचा प्रश्नच नव्हता, एकच होता. फॉर्म्युला ई मात्र २०१४ मध्ये पाच गिअरच्या ह्यूलँड डब्यासह सुरू झाली. मग प्रत्येक संघाने आपापला प्रयोग केला आणि हळूहळू सगळे एका गिअरवर आले. मोटर शून्यापासूनच जोर देते, तिला पायऱ्यांची गरज फारशी नाही.

मागून उघडणारा एक्सल

अमेरिकेच्या मातीच्या गोल ट्रॅकवर धावणाऱ्या स्प्रिंट कारला गिअरबॉक्स नसतो, स्टार्टरही नसतो. मागून दुसरी गाडी ढकलते, इंजिन पेटतं. रेशो बदलायचा तो मागच्या 'क्विक-चेंज' एक्सलमध्ये. टेड हॅलिब्रँड यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. मागचं छोटं झाकण काढलं की दोन साधे गिअर दिसतात. २० आणि २४ दातांची जोडी एका बाजूने लावली तर १.२, तीच खाली-वर केली तर ०.८३. एका जोडीत दोन रेशो! संध्याकाळी ट्रॅक ओला-चिकट असतो आणि रात्री सुकून गुळगुळीत होतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चहा पिण्याऐवजी तिथे गिअर बदलतात.

मीटरची थाप

मियाटात ४.१ काढून ४.३ बसवलं की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते. खऱ्या १०० ला तो १०५ दाखवतो. किलोमीटरही वाढीव. खरे दहा हजार पळवले की मीटरवर सुमारे ४९० फुकटचे. विकताना तेवढं नुकसान. टोयोटाने २०१७ मध्ये आपल्या ८६ च्या मॅन्युअल गाडीत हाच बदल, ४.१ वरून ४.३, कारखान्यातूनच करून दिला, त्यामुळे तिथे थापेची भानगड नाही.

उलटी शर्यत

डच कंपनी डॅफने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यांवर चालणारा 'व्हेरिओमॅटिक' आणला. त्यात गिअरच नाहीत, दोन पुलींचा व्यास सतत बदलत राहतो. रिव्हर्सलाही तीच सगळी रेंज उपलब्ध, म्हणून डॅफ गाडी पुढे जेवढी पळते तेवढीच मागे. डच लोकांनी मग काय केलं असेल? डॅफच्या उलट्या शर्यती लावल्या आणि त्या टीव्हीवरही दाखवल्या. हीच पट्ट्याची कल्पना विल्यम्सने १९९३ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत करून पाहिली. इंजिन कायम सर्वाधिक ताकदीवर, आवाज एकसुरी. शर्यतीत उतरण्याआधीच तिच्यावर बंदी आली.

तुमच्या गाडीत किती?

जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने कुठलं क्राउन टाकलंय ते कळत नसेल, तर डिफरन्शिअल खोलायची गरज नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा. एक चाक स्थिर असलं की क्राउन निम्म्या वेगाने फिरतं, म्हणून दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक. तेवढ्यात शाफ्टची खूण चार वळसे पूर्ण करून चिमूटभर पुढे गेली तर ४.१, आणखी बोटभर गेली तर ४.३. शंका आली तर वीस फेऱ्या फिरवा, ४१ की ४३ ते स्वच्छ मोजता येतं. एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल) बसवलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तो सोडल्याशिवाय चाक फिरणार नाही, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना आधी ओंडके लावा, मग जॅकला हात घाला.